दोन ठोके, मग एक

टक् टक्... टक्.

आवाज आला तेव्हा आईचा एकही हात यंत्राच्या दांड्यावर नव्हता. मंजिरीने ते नीट पाहिलं, कारण त्याच क्षणी ती आईच्या हातात डब्यातली भाकर देत होती. समोरच्या पडद्यावर चंद्रावरची एक गुहा दिसत होती. गुहेच्या तोंडाशी उभा असलेला खवल्या आपला लोखंडी पंजा वर करून छताच्या दगडावर ठोकत होता. आधी दोन ठोके. जरा थांबून एक. कुणी दार वाजवावं तसं.

"आई, तू केलंस हे?"

"मी नाही," आई हळूच म्हणाली. तिने भाकर खाली ठेवली.

खवल्या म्हणजे ट्रकएवढं खोदकाम यंत्र. खवले मांजरासारखे पत्रे अंगावर, म्हणून हे नाव. त्याच्यात चालकाची जागाच नाही. चालक म्हणजे मंजिरीची आई, कुंदा, आणि ती बसते चंद्रपुरातल्या या खोलीत. बाहेर मे महिन्यातली दुपार रखरखत होती, आत कूलर घुरघुरत होता.

"पण चंद्रावर हवा नाही ना? मग आवाज कसा आला?"

"आवाज नाही आला. खवल्याच्या पंजात संवेदक (थरथर टिपणारं उपकरण) आहे. दगडाची थरथर त्याने टिपली, आणि इथल्या यंत्राने तिचा आवाज केला." आईने दांडा पुढे ढकलला. खवल्या हलला नाही. एक... दोन... अडीच सेकंद गेले. तरीही हलला नाही.

"आपला हुकूम तिथे पोचायला सव्वा सेकंद लागतो," आई म्हणाली, "आणि तिथलं दृश्य इथे यायला आणखी सव्वा. हा दिसतोय ना, हा आत्ताचा खवल्या नव्हे. सव्वा सेकंदापूर्वीचा आहे."

मंजिरीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आत्ताचा खवल्या तिकडे काय करत असेल, ते कुणालाच दिसत नव्हतं.

पडद्यावर खवल्याची अक्षरं उमटली: 'पुढे जाऊ नये असं वाटतं. माणसाने ठरवावं.'

आईने घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्या तासात तिथलं ऊन मावळणार होतं. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची. त्या थंडीत खवल्या उघड्यावर राहिला, तर त्याची बॅटरी गोठून तो कायमचा बंद पडणार. गुहेत थंडी बेताची. डाव्या बाजूने आत शिरायला दहा मिनिटं पुरली असती. आईने जबरी हुकुमाच्या लाल बटणावर बोट ठेवलं. ते दाबलं की यंत्राचं मत बाजूला पडतं आणि त्याला ऐकावंच लागतं.

"थांब, कुंदा."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर मंजिरीचे आजोबा, आबाजी, आत्तापर्यंत डुलक्या घेत होते. मंजिरीला घेऊन तेच डबा पोचवायला आले होते. बत्तीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत काढली होती. आता ते ताठ बसले होते.

"तो आवाज पुन्हा लाव बरं."

टक् टक्... टक्.

आबाजींनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "ही माझी ठोक आहे," ते म्हणाले.

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, काहीतरीच काय? तिथे तुमचा हात कसा पोचेल?"

"तू प्रशिक्षणाला गेली होतीस तेव्हा ती संशोधनवाली पोरं आली होती. माझ्या हातात तारांचा हातमोजा घातला अन् जुन्या खाणीत नेलं. चार दिवस मी सळईनं छत ठोकत होतो. पक्कं कुठलं, पोकळ कुठलं, ते सांगत होतो. मी विचारलं, कशासाठी? म्हणे एका यंत्रासाठी. मला वाटलं, चहाला बोलवायचा बहाणा असंल." ते पडद्याजवळ आले. "आम्ही विचारल्याशिवाय कधी आत गेलो नाही, पोरी. दोन ठोके आपले, अन् एक दगडाचं उत्तर ऐकायला."

"पण आईने न सांगता त्याने ठोकलं कसं?"

"गरम तव्याला बोट लागलं तर तू काय करतेस? मेंदूला विचारत बसतेस?" आईने तिला विचारलं.

"आधी हात मागे येतो. मग कळतं."

"त्याला प्रतिक्षिप्त क्रिया (मेंदूची वाट न पाहता होणारी हालचाल) म्हणतात," आई म्हणाली. "खवल्यालाही ती लागतेच. धोका मला दिसून माझं 'थांब' त्याला पोचेपर्यंत अडीच सेकंद गेलेले असतात. म्हणून तो अर्धस्वायत्त आहे (काही स्वतः करणारा, काही माणसाला विचारणारा). जवळचं तो बघतो, लांबचं मी ठरवते. पण हे ठोकणं त्याने आजवर कधी केलं नव्हतं."

"आजवर छताखाली शिरला होता का?" आबाजींनी विचारलं.

आईने मान हलवली. नव्हता शिरला.

तिने लाल बटणावरचं बोट काढलं. खवल्याला तिने आधी डावीकडे ठोकायला सांगितलं, मग उजवीकडे. तिघंही कान देऊन बसले.

डावीकडून आलं, भद्. ओल्या मडक्यावर मारावं तसं. उजवीकडून आलं, ठण्.

"डावीकडे छत आतून सुटलंय, पोकळ आहे," आबाजी म्हणाले. "उजवीकडून ने."

"उजवीकडे दगडांची रास आहे. चाळीस मिनिटं लागतील. ऊन गेल्यावर बॅटरी पुरेलच असं नाही."

"मग निघ ना वं लवकर."

खवल्या निघाला. दगड चुकवायचं तो स्वतः बघत होता, आई फक्त दिशा देत होती. मागून सावली जमिनीवर सरकत आली. तिने त्याची चाकं गिळली, मग पाठ. मंजिरी बॅटरीचे उरलेले टक्के वाचत होती. अठरा. अकरा. सात. ऊन गेलेला भाग काळा नव्हता, नुसताच नाहीसा झाला होता. चार उरले तेव्हा दिव्याच्या उजेडात गुहेची भिंत दिसली.

"आत आला," आई म्हणाली.

तेवढ्यात मागच्या कॅमेऱ्यात, दिव्याच्या झोतात, डावीकडचं छत सुटलं. ऊन जाताच दगड आकसला होता. घराएवढी शिळा संथपणे, जराही आवाज न करता खाली आली. धुळीचा ढग उठला नाही, कारण धूळ तरंगायला तिथे हवाच नव्हती. उडाली ती सरळ खाली बसली.

आईने लाल बटणावर झाकण लावलं.

"आता आणखी आत गेला की आपला हुकूम पोचणार नाही," ती म्हणाली. "चौदा दिवस तो एकटा. गरम राहण्यापुरता वीजसाठा आम्ही आधीच वरच्या भोकातून आत सोडलाय, तो त्याने गाठायचा. वाट मोकळी करत, स्वतःच्या अकलेने."

"अन् पुढं तिथं माणसं राहायला जातील, तेव्हा?" आबाजींनी विचारलं.

"तेव्हा मीच जाईन," मंजिरी म्हणाली. "छताला त्याने आधीच विचारून ठेवलेलं असेल."

चित्र फुटू लागलं. ठिपके आले, मग पडदा काळा झाला. आवाज मात्र आणखी जरासा टिकला. त्या अंधारातून, सव्वा सेकंदापूर्वीच्या खवल्याने पुढच्या छताला विचारलेलं त्यांना ऐकू आलं.

टक् टक्...

आबाजींनी डोळे मिटले आणि दगडाच्या उत्तराची वाट पाहिली.

ठण्.