आठ गाण्यांची डिस्क

सोमवारी सकाळी पावणेअकराला मळवलीच्या एका बंगल्यातल्या स्टुडिओतून हार्ड डिस्क नाहीशी झाली. तिच्यात आठ गाणी होती. सिंथ, म्हणजे सिंथेसायझरचे सूर, श्रीयशचे, आवाज कोमलचा, अल्बम दोघांचा.

खासगी तपास करणाऱ्या माधवीला बोलावणं, हा दोघांनी मिळून घेतलेला शेवटचा निर्णय. गुरुवारी ती आली, तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. तिच्याबरोबर तळेगावहून आलेले तिचे मदतनीस शरच्चंद्रकाका दोन तास टिपणं काढून वैतागले.

श्रीयशच्या मते डिस्क कोमलनेच नेली. सिंथखाली आपला आवाज बुडतो, यावरून तिने रविवारी भांडण काढलं होतं. दुसरी प्रत बिघडलेली. इथल्या रेंजवर इंटरनेटवर गाणं चढत नाही.

"पावसाळा नुसता छळतो," तो म्हणाला. "जुलैत माझा फोन भुशी धरणाच्या पाण्यात पडला. इथल्या चिमामावशींच्या तांदळाच्या डब्यात तीन दिवस ठेवला, तेव्हा चालू झाला."

कोमल कुजबुजतच बोलली. रेकॉर्डिंगनंतर तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती.

"पूर्वीसारखं गाता येणार नाही म्हणतात. माझा आवाज आता त्या डिस्कमध्येच आहे. तो मी चोरेन?"

राहिल्या बंगला सांभाळणाऱ्या चिमाबाई. सोमवारी ही दोघं अंगणात वाद घालत असताना त्यांनी स्टुडिओ आवरला होता. यंत्रातलं आपल्याला काय कळतंय, एवढंच त्या म्हणाल्या. मागच्या दोरीवर स्टुडिओतल्या मेजावरचं जाड कापड वाळत होतं. धुऊनही त्यावरचा चहाचा डाग गेला नव्हता.

जेवायला पिठलं-भाकरी आली.

"आजही भाकरीच," श्रीयश कुरकुरला. "मावशींच्या घरचा तांदूळ आहे, पण सोमवारपासून भाताचं शीत दिसलं नाही."

काकांनी वही मिटली. "मला तर दोघंही खोटं बोलताहेत असं वाटतं."

"दोघंही खरं बोलताहेत, काका," माधवी म्हणाली. "मावळात घरचा तांदूळ असताना चार दिवस भात शिजत नाही, म्हणजे डब्यात हात घालायचा नाही. सोमवारी मेजावर चहा सांडला. कापड धुता आलं, डिस्क धुता येत नाही. भिजलेली वस्तू कशी वाचवायची, ते श्रीयशनेच मावशींना दाखवलं होतं."

चिमाबाई आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या.

"कप उचलताना हातनं सुटला," त्या म्हणाल्या. "तुमी आदीच भांडत व्हता. म्हनलं, तीन दिसांनी गपचूप जागंवर ठिवावी. आज काढनारच व्हते."

श्रीयशने डिस्कला चिकटलेले दाणे झटकले, वायर जोडली. दिवा लागला. फायली उघडल्या नाहीत.

"मी चोर नव्हते," कोमल त्याला म्हणाली, आणि बॅग भरायला गेली. तिने नंतर त्याचा फोन उचललेला नाही.

डिस्क पुण्याला दुरुस्तीला पाठवली. शनिवारी संध्याकाळी सहाला दुरुस्तीवाल्याचा निरोप आला: आठपैकी तीन गाणी निघाली. त्यांतल्या दोनांत फक्त सिंथ आहेत. तिसऱ्यात आवाज आहे. बाकी पाचांवर काम चालू आहे.