केबल लावण्याआधी

चामोर्शीचा बाजाराचा दिवस होता. भर दुपारी गुणाबाई धनराजच्या व्हिडिओच्या दुकानात आली, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "दाखव बापू आता. मले पाचची गाडी आहे."

धनराज झाडीपट्टीच्या नाटकांचं शूटिंग करायचा. गुणाबाईची लेक रीता त्यातल्याच एका मंडळात काम करायची. अशी की मंडप डोक्यावर घ्यायची! संक्रांतीनंतर तिला ताप चढला आणि चार दिवसांत पोर गेली. माती देताना गुणाबाईनं लेकीचं सगळं लेकीसोबत दिलं. साड्या, पैंजण, आणि भिंतीवरचा एकुलता एक फोटोसुद्धा. फोटो तरी ठेव बाई, असं म्हणायचं कोणाला सुचलं नाही. आता मोह फुलायला लागला आणि गुणाबाईला लेकीचा चेहराच आठवेना. नाक आठवायचं, हनुवटी आठवायची, पण सगळा चेहरा मिळून काही यायचा नाही. आईच्या जिवाला याहून मोठी शिक्षा कोणती, सांगा!

रीताचं शेवटचं नाटक मात्र धनराजच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. जुन्या मशीनवर ते अडकत होतं, म्हणून त्यानं आज नवंकोरं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं. बटण दाबलं. कार्डाचे पंखे गरगर फिरले. मॉनिटर मात्र काळा ठिक्कर.

बिचाऱ्यानं काय नाही केलं? रॅम काढून खोडरबरानं घासली. कार्ड उपसून पुन्हा खट्‌कन बसवलं. खिडकीतला कूलर घुमत होता, गुणाबाईच्या पिशवीतून वाळल्या मोहाचा गोड, जड वास येत होता, आणि दाराबाहेरचा बाजार कुठेतरी लांब, पाण्याखाली भरल्यासारखा वाटत होता. धनराजचे डोळे जडावले.

"थांबा बाई, होते आता..." तो टेबलाखालून म्हणाला.

"घाई नको करू बापू," गुणाबाई हळूच बोलली. "दिसून राह्यली ना."

त्यानं डोकं वर काढलं. पडदा तसाच काळा. गुणाबाई पडद्याजवळ वाकून हसत होती.

"कोण... दिसून राह्यली?"

"रीता. अन् कोण? हिरवी साडी नेसली आहे. एका कानातलं डूल पडलं वाटते हिचं."

धनराज टेबलाखालून पुरता बाहेर आला. दुसऱ्या अंकात हिरव्या साडीतल्या रीताचं डूल पडलं होतं खरं. त्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं होतं. पण गुणाबाईनं ते नाटक कधी पाहिलंच नव्हतं.

"काऊन वं, इतकी सुकली?" गुणाबाई पडद्याला म्हणाली. मग मान कलती करून ऐकत राहिली. "हो... नेतो ना तुले घरी. चल."

ती उठली. "माहे डोळे निवले, बापू," म्हणाली. दार उघडून ती जराशी बाजूला थांबली, कोणाला आधी जाऊ द्यावं तशी. मग स्वतः गेली.

धनराजनं मशीनची मागची बाजू चाचपली आणि कपाळावर हात मारला. मॉनिटरची केबल सवयीनं जुन्याच जागी खोचलेली होती. चित्र आता नव्या कार्डातून निघायचं, अन् शहाणा इतका वेळ रॅम घासत बसला होता!

केबल कार्डात लावली. पडदा लख्ख उजळला. त्यानं नाटक लावलं, थेट दुसरा अंक.

मंडप खच्चून भरलेला. नायक गुडघ्यावर बसून हात पसरत होता, "एकदा माझ्याकडे पाहा तरी..." त्याच्या समोर कोणीच नव्हतं. तो थांबला, उत्तर ऐकल्यासारखा रडला, पुन्हा बोलला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

धनराजनं पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत सगळं पाहिलं. पेटी वाजायची, सगळे तिच्यासाठी थांबायचे, तिला उत्तरं द्यायचे. रीता कुठेच नव्हती.

फक्त दुसऱ्या अंकात, नायकाच्या समोर, रंगमंचाच्या फळ्यांवर एक डूल पडलेलं दिसत होतं.