चार झाकलेल्या बाबागाड्या

व्हिबेके योर्गेन्सन दारात उभी राहिली तेव्हा तिच्या स्वेटरच्या बाहीला वाळलेली लापशी चिकटलेली होती.

"धुवायचं सुचलंच नाही," ती म्हणाली. "सहा दिवसांपूर्वीची आहे. तेव्हापासून घरात मूल नाही, मग लापशी कुठली?"

थोरा क्रोगने तिला आत घेतलं. थोरा एकोणसाठ वर्षांची. विमा कंपनीसाठी खोटे अपघात हुडकण्यात तिची उभी हयात गेली होती, आणि आता फ्यून बेटावरच्या या गावात ती स्वतःचं काम करत होती. तिचा विधुर मेहुणा प्रेबेन कॉफी ओतत होता. प्रेबेनने तीस वर्षं बस चालवली. गाडी तोच चालवायचा आणि अंदाजही तोच बांधायचा. पैकी गाडी बहुधा योग्य जागी पोहोचायची.

व्हिबेकेने टेबलावर एक छापील फोटो ठेवला. मागच्या गुरुवारी सकाळी तो नगरपालिकेच्या पेटीत कुणीतरी हाताने टाकला होता. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती: "मंगळवारी दुपारी साडेबाराला चार मुलं झोपलेली टाकून व्हिबेके तासभर बाहेर गेली." खाली नाव नव्हतं.

फोटोत तिचं अंगण होतं. ओळीने चार बाबागाड्या, मुलं दुपारी त्यांतच उघड्यावर झोपायची; चारींवर मांजर आत शिरू नये म्हणून दाट जाळी ओढलेली. स्वयंपाकघराचं दार बंद. भिंतीशी मुलांना बसवायची तिची पेटीची सायकल असते, ती जागा रिकामी. आणि कडेला तारेवर वाळणारी, मुलांच्या हातांचे रंगीत पंजे उठवलेली एक चादर.

"मी कुठंही गेले नव्हते गं," व्हिबेके म्हणाली. "पण घरात मी एकटी मोठी. मी सांगणार आणि ते ऐकणार? सव्वीस वर्षं लोकांची मुलं सांभाळली. उद्या शुक्रवारी दहाला नगरपालिकेत माझ्या परवान्यावर बैठक आहे. तो गेला, की या वयात मला कुणी मूल देणार नाही."

प्रेबेनने दालचिनीच्या पावाची बशी तिच्याकडे सरकवली. त्याच्याकडे सगळ्या दुःखांवर तेवढाच उपाय होता.

"मुलं आता कुठं आहेत?" थोराने विचारलं.

"गिट्टेकडे. आम्ही एकमेकींच्या अडीनडीला मुलं घेतो. माझ्या घराची किल्लीसुद्धा असते तिच्याकडे."

प्रेबेनची भुवई वर गेली.

व्हिबेकेचं घर म्हणजे दिवाणखान्यात लाकडी ठोकळे, जेवणाच्या टेबलाखाली तंबू, खिडकीत वाटाण्यांनी भरलेल्या बरण्या. भिंतीवर चार खुंट्या होत्या: लाल, पिवळी, निळी, हिरवी.

"ज्याचा त्याचा रंग," व्हिबेके म्हणाली. "आल्मा लाल, स्टोर्म पिवळा, कार्ला निळी, व्हिलाद्स हिरवा. पेला, टोपी, बोटांनी खेळायचा रंग, सगळं त्याच रंगाचं. दोन वर्षांच्या मुलाला नाव वाचता येत नाही, पण आपला रंग दुसऱ्याने घेतला तर घर डोक्यावर घेतो."

"आणि यातून ती शिकतात?" प्रेबेनने बरणीतले वाटाणे हलवून पाहिले. "मला तर हा नुसता पसारा दिसतो."

"तो वाटाणा कपात टाकताना मूल 'एक, आणखी एक' म्हणतं. शाळेत जाऊन हेच शिकायला तुला किती वर्षं लागली?"

थोरा जमिनीवर मांडी घालून बसली. "आठवडा कसा जातो ते सांग."

"सोमवारी पाणी ओतायचं. मंगळवारी रंग, दोनला झोपून उठल्यावर, म्हणजे मग थेट आंघोळ घालता येते. बुधवारी खेळघर. आम्ही सगळ्या जणी आपापली पोरं घेऊन शाळेच्या व्यायामशाळेत जमतो, नऊ ते दोन. मुलं तिथंच गाद्यांवर झोपतात. गुरुवारी रान, शुक्रवारी गाणी."

"फोटोतली चादर?"

"ती त्याच मंगळवारची. बीट, हळद, ब्लूबेरी, सगळे घरचे रंग. जाड चादर, या हवेत तिला वाळायला दोन दिवस लागले."

ती टोपलीत घडी करून ठेवलेली होती. थोराने ती जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर रांगत बराच वेळ पाहिली. मग फोटो पाहिला. मग पुन्हा चादर.

"बाबागाड्या कुठं ठेवतेस?"

"छपरीत. कुलूप असतं. किल्ली इथं, दाराच्या वर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी."

तेवढ्यात तिचा नवरा आयनर आत आला. दूधसंघाचा टँकर चालवणारा, रुंद खांद्यांचा, मितभाषी. त्याने कानातली ऐकायची दोन्ही यंत्रं काढून खिडकीच्या डबीत ठेवली.

"आला की काढतोच," व्हिबेके म्हणाली. "सकाळी निघताना घालतो."

"घाल रे जरा," थोरा मोठ्याने म्हणाली. आयनरने नाइलाजाने एक घातलं.

"तुझा दिवस कसा असतो?"

"पाचला निघतो. मंगळवारी लांबचा फेरा, घरी यायला सहा. बुधवारी आखूड, बाराला मोकळा. नाताळाला निवृत्त."

"फोटोबद्दल तुझं काय म्हणणं?"

"काय म्हणणार? चार पोरं झोपलेली टाकून ती कुठं जाणार? मूर्खपणा आहे." तो टेबलाशी गेला, खुर्चीवरचे ठोकळे उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवले, तिथली बाहुली उचलून खिडकीत ठेवली, आणि मग बसला. "पण गुप्तहेर कशाला? झालं ते झालं. तिचं वय झालंय."

"माझं वय झालंय?" व्हिबेके म्हणाली. आयनरने यंत्र काढून ठेवलं.

शेजारी टॉर्बेनचं अंगण कुंपणापलीकडे होतं आणि त्याचं तोंड कुंपणाच्या वर.

"मी केली तक्रार? मी नाव लिहून करतो! सात केल्यात, नगरपालिकेत विचार. दुपारभर त्यांची रडगाणी."

"गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी?"

"त्या दिवशी तेवढं बरं होतं. तो हिरव्या टोपीवाला किरकिऱ्या नव्हता ना. बाकीची गपचूप झोपली. ती घरात होती की नव्हती ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी मी तिच्या बाजूने साक्ष देणार नाही."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी मी ओडेन्सला पत्ते खेळायला जातो. आठवड्यातला एक दिवस सुखाचा."

"हाच," गाडीत बसताना प्रेबेन म्हणाला. "नजर बघितलीस?"

"त्याच्याकडे किल्ली नाही."

"मग गिट्टे! तिच्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत. हिचं बंद, तिचं चालू."

गिट्टे बेकच्या घरात चारही मुलं होती. व्हिलाद्स हिरवी टोपी घालून वाटाणे बुटात ओतत होता. गिट्टेच्या कडेवर कार्ला आणि पायाला स्टोर्म.

"लोक काय बोलतात ते मला माहीत आहे," ती फणकारली. "माझ्या जागा भरल्या, नाही का? ही पोरं दिवसभर व्हिबेकेचं नाव घेऊन दाराशी बसतात. तुला वाटतं मला हे हवं होतं?"

"त्या बुधवारी कुठं होतीस?"

"खेळघरात, तिच्याच शेजारी. नऊला आली, पेटीत तीन पोरं घेऊन. व्हिलाद्सला सोमवारी रात्रीपासून ताप होता. दोनपर्यंत आम्ही दोघी जागच्या हललो नाही, अकरा जणींना विचार."

परतताना प्रेबेन म्हणाला, "टॉर्बेन नाही, गिट्टे नाही. म्हणजे व्हिबेके खरंच गेली होती. वाईट वाटतं, पण तेच."

"प्रेबेन, उद्या फक्त गाडी चालव."

शुक्रवारी सकाळी आठला व्हिबेकेच्या दिवाणखान्यात नगरपालिकेची पर्यवेक्षिका मेरेते आली. मुलं आणि सांभाळणाऱ्या बाया यांच्यावर देखरेख तिची. हातात परवान्याचा न भरलेला अर्ज होता.

"मला व्हिबेकेचं वाईट करायचं नाही," ती म्हणाली. "पण परवाना एका बाईला नसतो, घराला असतो. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसावर माझा विश्वास असला पाहिजे. सही मी करते, जबाबदारी माझी."

बैठकीसाठी रजा घेतलेला आयनर टेबलाशी होता. थोराने त्याला दोन्ही यंत्रं घालायला लावली. मग तिने जमिनीवर चादर पसरली आणि बाजूला फोटो ठेवला.

"मेरेते, या चादरीवर कुठले रंग आहेत?"

"लाल, पिवळा, निळा."

"हिरवा?"

मेरेते वाकली. "नाही."

"हिरवा पंजा व्हिलाद्सचा. सोमवारी रात्रीपासून तो तापाने घरी होता. मंगळवारी इथं तीनच मुलं होती, म्हणून चादरीवर तीनच रंग. ही चादर मंगळवारचीच, दुसऱ्या कुठल्या दिवसाची असूच शकत नाही. आणि हे पंजे उठले मुलं झोपून उठल्यावर, म्हणजे दोननंतर. मग मंगळवारी साडेबाराच्या फोटोत ती तारेवर कशी?"

थोराने फोटोतल्या सायकलच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"फोटो मंगळवारचा नाही. गुरुवारी सकाळी तो पेटीत पडला होता, म्हणजे मधल्या वेळेतला. त्या वेळेत व्हिबेकेची सायकल दिवसाउजेडी घराबाहेर एकदाच होती, बुधवारी नऊ ते दोन. तेव्हा सगळी मुलं व्यायामशाळेत होती."

"पण गाड्यांत मुलं आहेत!" प्रेबेन म्हणाला.

"तू पाहिलीस?"

प्रेबेन फोटोवर वाकला.

"कुणीच पाहिली नाहीत. अंगणात बाबागाडी, तिच्यावर जाळी, वेळ दुपारची. आपल्याकडचा माणूस आवाज खाली करतो आणि पाय न वाजवता पुढं जातो. जाळी उचलून आत कोण बघतं? मेरेते, तूही बघितलं नाहीस. आपण सगळे लहानपणापासून असंच वागत आलोय. या चार गाड्या रिकाम्या होत्या."

मेरेतेचा चेहरा लाल झाला. "कुणी मांडल्या?"

"छपरीची किल्ली घराच्या आत आहे. घराची किल्ली तिघांकडे. व्हिबेके आणि गिट्टे खेळघरात होत्या, अकरा जणी साक्षीला. टॉर्बेनकडे किल्ली नाही आणि तो ओडेन्सला. शिवाय मंगळवारी एक मूल कमी होतं हे त्याला ऐकूनच कळलं होतं. गिट्टेलाही माहीत होतं. मंगळवारची बतावणी करायची तर त्यांनी तीनच गाड्या मांडल्या असत्या. चार कोण मांडेल? ज्याला व्हिलाद्स आजारी असल्याचं कुणी सांगितलं तरी ऐकू गेलं नाही, आणि जो अजूनही 'चार पोरं झोपलेली' म्हणतो."

व्हिबेके नवऱ्याकडे बघत होती. तिने ते थोराआधी एक क्षण ओळखलं असावं.

"बुधवारी बाराला मोकळा होणारा," थोरा म्हणाली. "त्याच्या तारेवर सव्वीस वर्षं रंगीत चादरी वाळताहेत. त्याला ती दिसलीसुद्धा नाही. पण एक सांगते. हेवेदाव्याने करणारा खरी मुलं झोपलेली असताना फोटो काढून मोकळा झाला असता. आयनरने रिकाम्या गाड्या ओढल्या, जाळ्यासुद्धा नीट लावल्या. पोरांच्या केसाला धक्का लागू द्यायचा नव्हता त्याला."

आयनरने टेबलावर दोन्ही हात ठेवले.

"नाताळानंतर मी घरी असणार," तो म्हणाला. "कुठं बसू? सकाळी सहाला बेल वाजते. माझ्या खुर्चीत बाहुली. संध्याकाळी तू दमलेली. मी या घरात पाहुणा आहे, व्हिबेके. तुझा परवाना गेला तर तू तरी मिळशील असं वाटलं."

"मला वाटलं माझं डोकं फिरलंय," व्हिबेके म्हणाली. "आठवडाभर मी आठवत होते, खरंच गेले होते का मी बाहेर. त्या दिवशी मुलं तीनच होती हेसुद्धा मला सुचलं नाही. तू समोर बसून जेवत होतास."

मेरेतेने अर्ज खाली ठेवला. "व्हिबेकेवरचा आरोप पुसला गेला. पण खोटी तक्रार करणारा माणूस या घरात राहत असेल तर मी सही करू शकत नाही. मला माफ कर."

प्रेबेन घसा खाकरत म्हणाला, "नाव लिहायलाच हवं का? फोटो मंगळवारचा नाही, एवढं लिहिलं तर? कुणी टाकला, कळलं नाही. संपलं."

थोराने व्हिबेकेकडे पाहिलं. "अहवाल तुझा आहे. मी एवढंच लिहू शकते. मेरेतेने इथं काय ऐकलं ते मात्र तिचं तिने ठरवायचं."

"मी ऐकलं ते ऐकलं, ते मला विसरता येणार नाही," मेरेते हळूच म्हणाली.

"नको," व्हिबेके म्हणाली. "बिननावाच्या कागदाने माझं वाटोळं होत होतं. तसलाच कागद मी पाठवणार नाही. नाव लिही, थोरा."

आयनर उठला. "मी भावाकडे जातो. असेन्सला."

"जा. मेरेते, तो इथं राहत नाही असं लिही. सोमवारी मुलं येतील."

मेरेतेने पेन उघडलं. आयनर कोट घालून दाराशी थबकला.

"एकदा विचारलं असतंस," व्हिबेके म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "बस कर आता, माझ्याजवळ बस, असं एकदा तोंडाने म्हणाला असतास, तर मी उन्हाळ्यातच हो म्हटलं असतं."

"आणि नाताळानंतर विचारलं तर?"

"तर विचार. मी काय म्हणेन ते आज मला माहीत नाही."

तो गेला. मेरेतेने सही केली.