आबांच्या खोलीतलं बटण

संयोगितावहिनींचा फोन आला तेव्हा क्रांती माधवनगरच्या आपल्या दुकानात एका रुसलेल्या राउटरची मनधरणी करत बसली होती. मे महिन्याची सकाळ, डोक्यावर पंखा, हाताशी चहा. सगळं कसं रोजच्यासारखं.

"ताई, फेब्रुवारीत तुमी आमचं नेटवर्क येगळं करून दिल्यालं, आठवतंय न्हवं? जरा येऊन जावा. टेबलावरचा फोन वाजतोय."

"वहिनी, फोन वाजनारच की!" क्रांती हसली.

पलीकडून हसू आलं नाही. "आजच या. तीनच्या आधी," एवढं म्हणून वहिनींनी फोन ठेवला.

आता क्रांतीविषयी थोडं सांगायला हवं. पोरगी हुशार, हात सफाईचा, आणि तोऱ्याची तर बोलायची सोय नाही. केलेलं काम मी दुसऱ्यांदा बघत नसते, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. सांगलीपासून शिराळ्यापर्यंत कुणाच्या घरी इंटरनेट अडलं की तिचंच नाव निघायचं, त्यामुळं तिला खोटं कोण पाडणार? म्हणूनच एकदा केलेल्या कामासाठी परत बोलावणं येणं तिला थोडं लागलंच. तरी तिनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्कूटरला किक मारली.

शिराळ्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, चारी बाजूंनी उसात बुडालेला तो बंगला. घरचा मुलगा वीरधवल सैन्यात. दूर राहून घराची काळजी करायची ती किती? त्यानं घरभर मोबाइलवर चालणारी यंत्रं बसवून घेतली होती. फाटकावर कॅमेरे, ओसरीवर आपोआप लागणारे दिवे, विहिरीची मोटार, आणि लकव्यानं अंथरूण धरलेल्या आबांच्या उशाशी एक पांढरं बटण. आबांनी ते दाबलं की माडीवर सुनेच्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि त्याच्या पट्टीवर 'आबा खोली' अशी अक्षरं उमटायची. तो फोनही इंटरनेटवरच चालणारा. पुण्याच्या एका कंपनीसाठी संयोगितावहिनी दिवसभर त्याच्यावरून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या.

फेब्रुवारीतला रोग साधा होता. वहिनींचा आवाज गिऱ्हाइकाला तुटक-तुटक जायचा. क्रांतीनं तेव्हाच सांगितलं होतं, "उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी अडकल्यावर काय हुतंय? तसंच हाय हे. कॅमेरे न् तुमचा फोन, सगळी एकाच रस्त्यानं निघाल्यात." मग तिनं दोन रस्ते केले. एका नेटवर्कवर घरातली सगळी यंत्रं, दुसऱ्यावर फक्त फोन आणि वहिनींचा लॅपटॉप, आणि मधे भिंत. उद्या एखाद्या कॅमेऱ्यात कुणी परका शिरला तरी त्याला फोनपर्यंत पोचता येऊ नये, हाही त्यातला फायदा. काम नेटकं झालं, चहा झाला, आणि सूर्य कलायच्या आत ती सांगलीच्या वाटेला लागली होती.

आज मात्र फाटकातून आत शिरताच तिनं स्कूटर बंद केली. वारा पडला होता, तरी भोवतीचा ऊस बारीक सळसळत होता. आबांच्या खोलीचं दार बंद, कडीला मोठं कुलूप, कुलपावर वाळलेलं हळदीकुंकू. दारासमोर पाय पसरून आबांच्या मालकीणबाई, बनुबाई, बसल्या होत्या. त्यांनी क्रांतीकडं पाहिलं आणि परत दाराकडं मान वळवली.

"आबा…?" क्रांतीनं हळूच विचारलं.

"मार्चमधी गेलं," संयोगितावहिनी म्हणाल्या. "पंचकात. भटजींनी खोली पाच म्हयनं उघडू नका म्हनून सांगितलंय."

त्यांनी तांब्याभांडं आणलं, सासूपुढं ठेवलं. बनुबाईंनी ते न बघताच हातानं बाजूला सारलं, उठल्या, परसातल्या माठातून स्वतः पाणी घेऊन प्यायल्या आणि परत येऊन बसल्या. वहिनींनी तांब्या उचलला आणि जिन्याकडं वळल्या. वाळून काटकी झाली होती बाई.

माडीवर गेल्यावर त्या बोलल्या. आवाज इतका खाली, की क्रांतीला जवळ सरकावं लागलं.

"एरवी आत्याबाई आबांपाशीच आसायच्या, बटणाला हात लावायची येळच येत न्हवती. त्या दिवशी त्या लग्नाला गेल्यात्या. मी हितं, कामावर. चारला खाली गेले तर… आबांची मूठ वळल्याली. मुठीत बटण. भांडं खाली पडल्यालं, पानी वाळून गेल्यालं. ह्यांनी एकदाच इचारलं, आबांनी बटण दाबलं आसंल की? म्या म्हनलं, फोन वाजलाच न्हाई. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. आत्याबाई माझ्या हातचं पानी घेत न्हाईत. समद्यांना वाटतं, ही कानाला यंत्र लावून बसली आन् म्हातारा पान्यासाठी तडफडून मेला." त्यांनी डोळे पुसले नाहीत. पुसून पुसून कंटाळल्या असाव्यात. "आन् आता वाजतोय. पंधरा दिस झालं. रोज तीनला धा मिंटं झाली की…"

"बटण कुटं हाय?"

वहिनींनी कप्प्यातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. पांढरं बटण. शेजारी त्यातून काढलेली चपटी बॅटरी.

क्रांतीला हायसं वाटलं. बॅटरीच नाही म्हटल्यावर दुसरीकडंच कुठंतरी घोळ असणार, आणि घोळ शोधणं हा तर तिचा धंदा. तिनं लॅपटॉप उघडला, राउटरमध्ये शिरली. दोन नेटवर्क, मधे भिंत, सगळं तिनं केलं होतं तसंच. भिंतीतून कुणाला जाऊ द्यायचं त्याची यादी तिनं उघडली.

यादी रिकामी होती.

तिनं ती बंद करून परत उघडली. रिकामीच. बटण घराच्या बाजूला, फोन कामाच्या बाजूला, आणि भिंतीत त्याच्यासाठी झरोकाच ठेवलेला नव्हता.

आणि मग तिला तो फेब्रुवारीतला दिवस लख्ख आठवला. दोन नेटवर्क करून झाल्यावर ती खाली आबांच्या खोलीत गेली होती. आबांनी उजव्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं, माडीवर फोन खणखणला, आणि वाकड्या झालेल्या तोंडानं आबा लहान मुलासारखे हसले. "वाजतंय की गं पोरी!" त्यानंतर वर येऊन तिनं शेवटचं काम केलं होतं, भिंत चालू केली होती. पिशवी घेऊन निघताना तिनं दारातून आत डोकावलं, तेव्हा आबांचा अंगठा बटणावरच होता.

"पोरी, परत एकदा दाबू?"

"न्हाई आबा, झालंय," ती म्हणाली होती, पायात चप्पल सरकवत.

क्रांती परत पडद्याकडं वळली. त्या राउटरमध्ये तिनंच एक मेमरी कार्ड घातलं होतं, कुठल्या यंत्रानं कधी काय पाठवलं याची सहा महिन्यांची नोंद राहावी म्हणून. नको नको म्हणत असतानाच तिच्या बोटांनी मार्च महिना काढला. 'आबा खोली' हे नाव एकाच दिवसापुढं होतं, तो दिवस. तीन वाजून दहा मिनिटं : आबा खोली. पुढं तांबड्या अक्षरांत, अडवलं. तीन अकरा : अडवलं. मग अधूनमधून दम घेतल्यासारखं अंतर, पण थांबणं नाही. शेवटची ओळ तीन बावन्नची. तिनं ओळी मोजल्या. एक्केचाळीस.

एक्केचाळीस वेळा दाबलं होतं आबांनी.

"काय दिसतंय, ताई?" वहिनींनी विचारलं. लॅपटॉपचा पडदा क्रांतीकडं होता.

तेवढ्यात फोन वाजला.

पट्टीवर अक्षरं उमटली, 'आबा खोली'. टेबलावर बटण तसंच पडलं होतं, बॅटरी त्याच्यापासून वीतभर लांब. खोलीत कुठून तरी बंद राहिलेल्या जागेचा वास आला. ओल्या घोंगड्याचा, औषधी तेलाचा. दोघींपैकी कुणीच हात पुढं केला नाही.

"उचलला व्हता का कवा…?"

"उचलला. कुनी बोलत न्हाई… कुनीतरी वाट बघतंय, आसं वाटतं."

फोन थांबला. लगेच परत वाजू लागला. आणि खालून, त्या कुलपाच्या दारापासून, बनुबाईंचा कोरडा आवाज आला, "उचल गं… आता तरी उचल."

संयोगितावहिनींनी दोन्ही हातांनी क्रांतीचं मनगट धरलं. "ताई, खरं सांगा. तुमाला मशीनीत दिसत आसंल की. त्या दिवशी फोन वाजलाता का? मला ऐकू आला न्हाई का वाजलाच न्हाई? एवढंच सांगा. म्हंजे मी ह्यांना सांगीन."

खरं सांगायला काय लागत होतं? पडदा नुसता फिरवायचा होता. पण माणसाचं मन अशा वेळी फार वेगानं पळतं. क्रांतीला दुकानाची पाटी दिसली, गावोगाव पसरलेलं नाव दिसलं, आणि ही तीच, हिच्यामुळं म्हातारा गेला, असं म्हणणारी माणसं दिसली.

"न्हाई वहिनी," ती म्हणाली. "इतकी जुनी नोंद… राहत न्हाई."

आणि एका बोटानं तिनं सगळी नोंद पुसून टाकली.

त्याच क्षणी फोन वाजता वाजता मधेच तुटला. बाहेर उसाची सळसळसुद्धा थांबली. वहिनींनी फोनकडं पाहिलं, क्रांतीकडं पाहिलं, आणि देवापुढं जोडावेत तसे हात जोडले. क्रांतीला तिथं उभं राहवेना. भिंतीत झरोका करून द्यायचंही तिला सुधरलं नाही. ती चहा न घेताच निघाली, आणि वाटेत एकदाही तिनं स्कूटरच्या आरशात बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात एकटीच होती. रस्त्यावर ऊन रणरणत होतं. समोरच्या चहावाल्यानं ताडपत्री ओढून घेतली होती. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, म्हणजे ती दर मिनिटाला बघत होती. तीन वाजले. पाच झाले. दहा झाले.

गल्ल्याशेजारचा तिचा स्वतःचा फोन वाजू लागला.

तिनं पट्टीकडं बघितलं नाही. वायर धरली आणि भिंतीतून उपटली. फोन थांबला. त्याच वेळी खिशातला मोबाइल थरथरला. संयोगितावहिनी होत्या. केवढा मोकळा आवाज!

"ताई, वाजला न्हाई हो आज! आत्याबाई म्हनल्या, म्हाताऱ्यानं तुला माफ केलं. आत्ता माझ्या हातचं पानी घेतलं त्यांनी. ह्यांचा मातुर अजून फोन न्हाई… पन हुईल. तुमचे लय उपकार झालं."

माफ केलं! जिचा काडीचा दोष नव्हता तिला माफ केलं, आणि ती बिचारी उपकार मानत होती. सांगून टाकावं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं म्हणून क्रांतीनं तोंड उघडलं. पण नोंद कुठं होती? नुसत्या तोंडी सांगण्यावर वीरधवल विश्वास ठेवेल?

"वहिनी… त्या दिवशी…"

"ताई, तिकडं फोन वाजतोय वाटतं तुमचा," वहिनी म्हणाल्या. "उचला की. कुनीतरी खोळंबलं आसंल."

मोबाइल बंद झाला. गल्ल्याशेजारचा फोन वाजत होता. त्याची वायर क्रांतीच्या डाव्या हातात होती, टोक मोकळं लोंबत होतं. पट्टीवर अक्षरं होती, 'आबा खोली'.

तिनं उचलला. किती तरी वेळ काहीच नव्हतं. मग खूप आतून कोरडा पडलेला श्वास, खाटेची करकर… आणि तोच आवाज. त्यात राग नव्हता. नुसतं विचारत होता, तेव्हासारखंच.

"पोरी… परत एकदा दाबू?"

रिसीव्हर तिच्या हातातून गळून पडला. टेबलावरच्या लॅपटॉपवर तिच्या दुकानाच्या राउटरची नोंद उघडलेली होती. ती तिनं उघडली नव्हती. वर दोन ताज्या ओळी होत्या. तीन दहा : आबा खोली, पोचलं. तीन अकरा : आबा खोली, पोचलं.

फोन पुन्हा वाजू लागला. एक्केचाळीस व्हायला अजून एकोणचाळीस बाकी होते.