दोराचं मागचं टोक

बसा ना, पण त्या खुंटीवरच्या दोराला हात लावू नका. रागावून सांगत नाही. लाइट गेलीच आहे, आणि आमच्या जबलपूरच्या या घमापुरात ती एकदा गेली की लवकर येत नाही. आईचा भात व्हायचाय. तेवढ्यात सांगून होईल. मेणबत्ती जरा तुमच्याकडे सरकवते.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. कंपन्यांच्या मीटिंगा आणि सहली जमवून देते. साहेब लोकांना वर्षातून एकदा आपली माणसं कुठेतरी लांब नेऊन त्यांच्यात एकी करायची हुक्की येते. ती एकी ऑफिसातच का होत नाही, हे मी विचारत नाही, कारण मग माझं दुकान बंद पडेल. हॉल कुठे, माइक चालतो का, खालचा बर्थ कोणाला, कोणाची कोणाशी बोलचाल बंद आहे म्हणून कोणाला एका खोलीत टाकायचं नाही, हे सगळं माझ्याकडे. जबलपूरच्या कंपन्या पचमढीला कंटाळल्या, तेव्हा मी जैसलमेर धरलं. नर्मदेकाठच्या माणसाला वाळवंट म्हटलं की डोळे चमकतात.

खरं म्हणजे हा धंदा मी बाबांकडूनच शिकले, फक्त ते त्याचे पैसे घेत नसत. बाबा, म्हणजे लक्ष्मणराव, इथल्या कारखान्यात कामगार होते. दरवर्षी दसऱ्याला अख्ख्या गल्लीला नागपूरला दीक्षाभूमीवर घेऊन जायचे. छोट्या लाइनच्या गाडीनं गोंदिया, तिथून नागपूर, आणि मग ती गर्दी. लाखो माणसं. त्या गर्दीत कोणी हरवू नये म्हणून त्यांनी हा दोर केला होता. जाड सुती दोर, निळीत बुडवलेला, हातहातभर अंतरावर गाठी. प्रत्येकानं एक गाठ धरायची. पुढच्या टोकाला एक फास, तो बाबांच्या मनगटात. मागच्या टोकालाही एक लहानसा फास असायचा, आणि तो आमच्यापैकी कोणासाठीच नव्हता. वाटेत एखादं चुकलेलं लेकरू रडताना दिसलं की बाबा त्याला तिथे लावायचे. तंबूत आणायचे, आई जेवू घालायची, आणि त्याचे लोक येईपर्यंत ते आमचंच असायचं. "कोणाचं का असेना, आधी दोराले लागलं पायजे," असं म्हणायचे. आणि परतीच्या गाडीत बसायच्या आधी प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवून बघायचे. नेले तितके परत आणायचे, यापलीकडे त्यांचा काही नियम नव्हता.

आणि हेही सांगते, बाबा भूतखेत मानत नसत. चौकात कोणी लिंबू-मिरची टाकली की उचलून लिंबू घरी आणायचे आणि सरबत करायचे. आम्हालाही तेच वळण आहे. म्हणून ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगत नाही, आणि सांगताना जरा लाजच वाटते.

बाबा गेले तेव्हा आईनं दोर धुतला, दोन्ही टोकांचे फास सोडले आणि पेटीत ठेवून दिला. आता कोण बांधणार, म्हणाली. मधल्या गाठी मात्र तिच्याच्यानं सोडवल्या गेल्या नाहीत.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला इथल्याच एका औषधवाल्या कंपनीची माणसं घेऊन जैसलमेरला जायचं होतं. त्यांना डोळ्यांवर पट्ट्या बांधून एकच दोर धरायचा आणि पुढचा नेईल तसं चालायचं, असा खेळ हवा होता. विश्वासाचा खेळ म्हणतात त्याला. मला हसू आलं. मी पेटीतून हाच दोर काढला. आई म्हणाली, "काहून नेऊन राहिली वं? हा खेळायचा दोर नाही." मी म्हटलं, "घरीच पडून आहे ना." मग पिशवीत तिनंच तो नीट गुंडाळून ठेवला.

स्टेशनवर दुबेजींची बायको मला शोधत आली. दुबेजी म्हणजे कंपनीचे अकाउंटवाले, गोड माणूस, पण दम्याचे. तिनं त्यांचा दम्याचा पंप माझ्या हातात दिला. "दीदी, ये आप ही रखिए. ये तो भूल जाते हैं. जैसे ले जा रही हैं, वैसे ही लौटा दीजिएगा." मी पंप कमरेच्या पाकिटात टाकला आणि तिला हो म्हटलं. ते हो मला सगळ्या प्रवासभर टोचत राहिलं.

आमचे तंबू गावापासून बरेच लांब, वाळूच्या टेकड्यांपाशी होते. सकाळची मीटिंग छान झाली. जेवणानंतर ऊन जरा कलल्यावर आम्ही खेळायला निघालो. माझा जोडीदार हेमचंद्र डोळे उघडे ठेवून सगळ्यात पुढे. आमच्याच गल्लीतला आहे, मराठी सगळं समजतं, बोल म्हटलं की नुसता हसतो. त्याच्यामागे कंपनीच्या सरोजिनी मॅडम, मग बाकीचे. शेवटून दुसरे दुबेजी आणि सगळ्यात शेवटी मी. मॅडमनी हट्टानं मलाही पट्टी बांधायला लावली. माझ्या मागे दोराचं मोकळं टोक वाळूत घासत येत होतं.

सुरुवातीला खूप हसणं झालं. कोणी कोणाच्या पायावर पाय दिला, कोणी साहेबांची नक्कल केली. मग टेकडीच्या पलीकडे गेल्यावर हळूहळू सगळे गप्प झाले. पट्टीमागे अंधार होता आणि पायाखाली वाळू सरकत होती. वारा एकदम पडला. तापलेल्या तव्याचा असतो तसा वास आला. दूर कुठेतरी मालगाडी जातेय असा आवाज येऊ लागला, आणि मला आठवलं की त्या बाजूला रेल्वे नाही.

"दीदी, आँधी!" हेमचंद्र पुढून ओरडला. "सब लोग... बैठ..."

पुढचं ऐकू आलं नाही. वाळूचा असा फटका बसला की मी आडवी होता होता वाचले. पट्टी वर करून पाहिलं तर सगळीकडे नुसतं पिवळं. माझाच हात मला दिसेना, आणि क्षणात डोळ्यांत निखारे गेल्यासारखं झालं. पट्टी परत खाली ओढली आणि ओरडले, "पट्टी मत खोलो! रस्सी मत छोड़ो!" वाऱ्यात ते कोणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. दोर ढिला पडला होता. पुढे ओढणारं कोणी नव्हतं, हे दोरावरूनच कळलं. कोणीतरी रडत होतं. माझ्या पुढ्यात दुबेजींचा श्वास शीळ घातल्यासारखा वाजायला लागला होता.

आणि मग दोर ताणला गेला.

झटका नाही. सावकाश, मागच्याला बेतानं कळावं असा ताण. तो ताण माझ्या हाताला लहानपणापासून ओळखीचा होता.

"काहून थांबले?... चाला... दोर सोडू नका. मी समोर आहो."

एवढ्या वाऱ्यात तो आवाज मोठा नव्हता. बाबा गर्दीतही कधी ओरडत नसत. मी काही विचार केला नाही. खरं सांगते, घाबरायलाही सुचलं नाही. पाय आपले आपण चालायला लागले. हेमचंद्र सोडला तर आमच्या रांगेत मराठी कळणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं, पण सगळे चालायला लागले.

थोडं गेल्यावर दुबेजी गुडघ्यावर बसले. मी चाचपडत त्यांच्यापर्यंत गेले, पाकीट उघडलं, पंप काढला, आणि माझ्या हातातून तो सुटला. वाळूत. मी एका हातानं दोर धरून दुसऱ्या हातानं खाली उकरत होते. वाळू वरून पडतच होती. दुबेजींची शीळ बारीक होत चालली. त्यांच्या बायकोचं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं आणि मी रडायला लागले.

तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरला. मागून. माझ्या तळव्यावर पंप ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटली. तो हात फार लहान होता. आणि गार होता, माठाला हात लावल्यावर लागतं तसा गार.

मी शेवटची होते. माझ्या मागे कोणी नव्हतं.

ते कळायला मला वेळ लागला, कारण आधी पंप दुबेजींच्या तोंडाला लावायचा होता. त्यांनी ओढला, परत ओढला. उठले. "चलो दीदी," एवढंच बोलले. आम्ही निघालो. आता मात्र मला जाणवायला लागलं की माझ्या मागचं मोकळं टोक वाळूत घासत नाहीये. ते उचललेलं आहे. माझं पाऊल अडखळलं की मागेही थांबत होतं. मी वळून पाहिलं नाही. पट्टी होती म्हणून बरं झालं.

किती चाललो माहीत नाही. एकदम पायाला सिमेंट लागलं, वारा तुटला, आणि कोणीतरी हिंदीत देवाचं नाव घेतलं. आम्ही तंबूंच्या पाण्याच्या टाकीमागे, भिंतीच्या आडोशाला पोचलो होतो. सगळ्यांनी पट्ट्या काढल्या. मी बाबांसारखं प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवत गेले. नेले तितके होते. सगळे होते! मी तिथेच बसले आणि मोठ्यानं हसले, आणि मग मॅडमच्या गळ्यात पडून रडले. इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "विनता जी, आप तो पीछे थीं ना? फिर आगे... मराठी में कौन बोल रहा था?"

"हेमचंद्र," मी म्हटलं.

थोड्या वेळानं हेमचंद्र आला, जीपमधून, मागच्या बाजूनं. डोळे लाल, कपाळ फुटलेलं. पहिल्याच फटक्यात तो पडला होता आणि दोर सुटला होता. आम्हाला शोधत तो आणि ड्रायव्हर टेकड्यांत फिरत होते. "दीदी, मैं तो वहीं छूट गया था..." एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडला. मी त्याला चहा दिला. दुबेजींनी दुसरा कप मागितला, साखर जास्त घालून, आणि साहेबांनी जाहीर केलं की कंपनीत आता खरी एकी आली. मी दोर गोळा करून पिशवीत कोंबला. त्याच्याकडे पाहिलं नाही.

जबलपूरच्या स्टेशनवर दुबेजींना त्यांच्या बायकोच्या हवाली केलं. पंपही परत केला. रिक्षात मी गाणं गुणगुणत घरी आले.

आईला सगळं सांगितलं, फक्त लहान हाताचं सांगितलं नाही. ते मलाच खरं वाटत नव्हतं.  आईनं पिशवी उलटी केली, वाळू झटकली आणि दोराचं पुढचं टोक शोधून हातात घेतलं. तिथे फास होता. तिनं स्वतः सोडलेला फास, बाबांच्या मनगटाच्या मापाचा, बाबांच्याच पद्धतीनं बांधलेला. आईनं तो गालाला लावला. "नाही म्हणायचे ना तुझे बाबा, भूत नसते म्हणून," ती म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं, भरून आलं. नेले तितके त्यांनीच आणले होते.

मग तिनं दोर हातातून सरकवत मागचं टोक काढलं.

तिथेही फास होता. लहान. माझी चार बोटं जेमतेम जातील एवढा. मी तो तिच्या हातातून घेतला आणि आवळून बघितला. आवळेना. दोरी सुती, मऊ, पण तो फास गोलच राहिला, आत काहीतरी असावं तसा. मी आणखी जोरात ओढला.

आईनं माझ्या हातावर हात ठेवला. ती फासाकडे बघत नव्हती. त्याच्या जरा वर, एखाद्या लेकराचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर बघत होती.

"ओढू नको वं," ती म्हणाली. "लागन त्याले."

त्याचे लोक अजून आलेले नाहीत. येतील तेव्हा येतील. कधी कधी संध्याकाळी दाराशी वाळू दिसते, ती मी झाडून टाकते. बाबांनी आणलेलं आहे म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारी?

चला, भात झालेला दिसतो. मेणबत्ती घेऊन आत या. भिंतीकडची जागा तेवढी सोडून बसा.