प्रश्नांचा तास

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधेच अडकली. ती घड्याळाकडे बघत राहिली. अर्ध्या तासात विद्यापीठाच्या लोकांसमोर उभं राहायचं होतं. संख्याशास्त्र शिकवायची कायमची नोकरी सोडून तिनं थोरल्या बहिणीच्या साथीनं, विद्यापीठाशी करार करून, नोकरदारांसाठी ऑनलाइन पदवीचा अभ्यासक्रम काढला होता. पहिल्याच वर्षी निम्मे विद्यार्थी गळाले होते, आणि आज त्याचाच जाब द्यायचा होता.

"घाबरू नका, दार उघडतोय," वरून आवाज आला.

"घाबरत नाहीये मी. उशीर होतोय मला!"

वरची खटखट थांबली. मग, "तुम्ही... संख्याशास्त्राच्या मॅडम का?"

दार सरकलं. ग्रीसनं माखलेला हात, त्यामागे मिस्कील डोळे. लिफ्टचा मेकॅनिक होता तो.

"आवाजावरून ओळखलं. मी मोबाइलवर तुमचे धडे अर्ध्या वेगानं लावून ऐकायचो. खऱ्या तुम्ही फारच भरभर बोलता हो!"

तिनं हसू दाबलं. "ऐकायचो? म्हणजे सोडलंत?"

"चौथ्या धड्याला."

त्यानं तिला वर ओढून घेतलं. तिनं हात सोडला नाही... उत्तर हवं होतं म्हणून, असं तिनं स्वतःला बजावलं. "का सोडलंत?"

"अडलं एका ठिकाणी. तुम्ही पडद्यावर छान बोलत होतात. पण विचारू कुणाला? भिंतीला?"

बैठकीत तिनं तयार करून आणलेलं काहीच दाखवलं नाही. "आमचं चुकलं," ती सरळ म्हणाली. "आम्ही नुसतं शिकवलं, ऐकलं नाही. एक सत्र द्या." त्यांनी दिलं, पण अट घालून. निदान तीन चतुर्थांश विद्यार्थी परीक्षेला बसायला हवेत, नाहीतर करार संपला.

गळालेल्या प्रत्येकाला तिनं स्वतः फोन केला. दर बुधवारी संध्याकाळी प्रश्नांचा तास सुरू झाला. कॅमेरे बंद, व्याख्यान नाही, फक्त प्रश्न. पहिल्या बुधवारी सातच जण आले. सगळे चिडीचूप.

"मॅडम, माझा प्रश्न जरा खुळा आहे..." शेवटी एक आवाज आला. तोच!

त्याच्या खुळ्या प्रश्नानं सगळ्यांच्या जिभा सैल झाल्या. एका नर्सनं विचारलं, एका बसचालकानं विचारलं. हळूहळू ते एकमेकांनाच समजावू लागले. "सरासरी दुसरा मजला आली, म्हणून लिफ्ट तिथंच उभी असते असं नाही," तो एकदा म्हणाला. तिनं ते वाक्य धड्यातच घातलं.

"कॅमेरा तर बंद असतो," बहीण एका बुधवारी म्हणाली, "मग हे नवे कानातले कुणासाठी गं?"

तिचे कान तापले. पण दुसऱ्या दिवशी तिनंच बहिणीला सांगितलं, "ताई, त्याचा पेपर तपासायला माझ्याकडे नको. विद्यापीठाकडे पाठव." ताईनं नुसती मान डोलावली. चिडवलं मात्र नाही.

सत्र संपलं. शंभरातले ब्याऐंशी जण परीक्षेला बसले. करार वाढला, ऑफिसात टाळ्या वाजल्या. निकालही लागला. त्याचा फोन मात्र आला नाही. दोन दिवस तिनं वाट पाहिली... तिसऱ्या दिवशी त्याच्या कामाचा पत्ता काढून ती निघाली. एका दवाखान्याच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरशेजारी तो पुढच्या सत्राचं पुस्तक उघडून बसला होता.

"मॅडम? इथे?" तो धडपडत उठला.

"मॅडम नका म्हणू. निकाल लागलाय, आणि पुढे माझा विषय नाही तुम्हाला. सगळं तपासून आलेय."

"काठावर पास झालो. कोणत्या तोंडानं फोन करणार होतो?"

"मी गुणांसाठी वाट बघत होते होय?"

तो हातातलं फडकं नुसतंच चुरगळत राहिला. गच्चीवर वारा होता, तिची बट सारखी डोळ्यांवर येत होती.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. मग हळूच — "पुन्हा सांगा ना."

"का? कळलं नाही?"

"कळलं. पण एकदा ऐकून भागणार नाही माझं."

खाली कुणीतरी बटण दाबलं असावं. मोटर घरघरू लागली, त्यामुळे दुसऱ्यांदा तिला ते चांगलं मोठ्यानं सांगावं लागलं.