यादी कोरी, संख्या एक

ओझल-कायदा लागू झाल्यापासून कोणाही सज्ञान व्यक्तीला दुसऱ्या एखाद्यापुरते नाहीसे होता येत असे. अर्ज मंजूर झाला की त्या दुसऱ्याने नागरिकपटात, म्हणजे राज्यातील सर्वांच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकीय भांडारात, कितीही शोधले तरी ती नोंद त्याला दिसत नसे. फोन लागत नसे, पत्ता मिळत नसे. माणूस ओझल झाला आहे की वारला आहे, एवढेही कळता कामा नये, अशी कायद्याची अट होती.

या अटीला कोठे तरी फट आहे, हे सांगायला रघुवीर चौगुले दुरुस्ती कक्षात आले होते. तंत्रनिकेतनाच्या कर्मशाळेत शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. विद्यार्थ्यांनी हत्यारे परत केली की आधी आकडा विचारायचा आणि मग एकेक हत्यार पाहून घ्यायचे, ही तिथली खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"पटाला 'किती?' विचारलं तर म्हणतो, एक. 'कोण?' विचारलं तर यादी कोरी," ते म्हणाले.

कक्षप्रमुख डॉ. मेहजबीन अत्तार हसल्या. "काका, लोक एक काहीतरी विचारून घरी जातात. तुम्ही दोन्ही कशाला विचारत बसलात?"

"सवय, बाई."

त्यांच्याच ओळखपत्रावर बाईंनी प्रश्न घालून पाहिला आणि त्यांचे हसू मावळले.

"असं झालंय बघा. भांडाराच्या तोंडाशी एक चाळण आहे. यादी मागितली की नोंदी तिच्यातून बाहेर येतात, ओझल नोंद आत अडकते. पण नुसता आकडा हवा असेल तर नोंदी बाहेर काढाव्याच लागत नाहीत. वेळ वाचवायला आमच्या शहाण्यांनी मोजणी चाळणीच्या आतच उरकली."

"म्हणजे माणूस दिसत नाही, पण मोजला जातो."

"अगदी. कोणाला शोधत होतात?"

चौगुल्यांनी चष्मा काढून पुसला. "मुलीला. कालिंदी. लग्नाला गेलो नाही, ते नाहीच; वर तिच्या सासरी जाऊन नको नको ते बोललो. नाव, जन्मतारीख घातली, एक आलं. मग जिल्हे घालत गेलो. कोल्हापूर शून्य, सातारा शून्य, रत्नागिरी एक. मग तालुके. आता गल्लीच तेवढी राहिली होती."

"मग थांबलात का?"

"आमच्या शेजारच्याची बायको अशीच ओझल झालीय. गुरासारखं मारायचा तिला. मोजता त्यालाही येतं."

बाईंनी घड्याळाकडे पाहिले. "दुरुस्तीला संध्याकाळ होईल. तोवर तुम्हाला हवं तर..."

"नको," ते म्हणाले. पण उठता उठता त्यांचा हात पुन्हा कळफलकाकडे गेला. कालिंदीच्या प्रश्नाला त्यांनी आणखी एक अट जोडली: अपत्य असलेली.

एक.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

दोष नोंदवणाऱ्यानेच दुरुस्ती तपासून सही करायची, असा कक्षाचा नियम होता. संध्याकाळी चौगुल्यांनी तोच प्रश्न पुन्हा घातला. पडद्यावर शून्य उमटले. यापुढे केव्हाही विचारले तरी हेच उत्तर मिळणार होते. कालिंदी जिवंत असेतोवर, आणि त्यानंतरही.

"बरोबर आलं ना, काका?"

"बरोबर आलं," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.